रियासतकार सरदेसाई आणि आपली वंशावळीची वही

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने दोन-तीन पाने लिहावीत असे समितीने कळवले, तेव्हा बहुतेकांनी सहल, स्नेहसंमेलन आणि मधली सुट्टी हे विषय लगेच अडवून ठेवले. माझ्या वाट्याला उरला तो माणूस आपल्या शाळेत कधी आला नव्हता. वागळे इस्टेटमध्ये पहिली चिमणी उभी राहण्याआधीच तो वारला होता. तरी आपल्या वर्गातल्या प्रत्येकाने त्याचे नाव ऐकलेले आहे. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत इतिहासाच्या सरांनी वंशावळीची वही करायला सांगितली होती, तेव्हा हे नाव फळ्यावर लिहिले होते: गोविंद सखाराम सरदेसाई.

ती वही आठवते ना? डाव्या पानावर घराण्याचे झाड आणि उजव्या पानावर प्रत्येक नावापुढे ते कोणी सांगितले याची नोंद. आजीने सांगितले, आत्याने सांगितले, की कागदावर पाहिले. आपल्या किसननगर, श्रीनगर, हाजुरीकडच्या मुलांची झाडे आखूडच होती. वडील रत्नागिरीहून, साताऱ्याहून किंवा खानदेशातून कंपनीत लागायला आलेले, आजोबा गावी, आणि त्यापलीकडे अंधार. मी मात्र काकांच्या सांगण्यावरून थेट शिवकाळापर्यंत उडी मारली होती. आमचा मूळपुरुष सरदार होता आणि त्याला जमीन इनाम मिळाली होती, असे मी ठसठशीत लिहिले. सरांनी त्याभोवती लाल शाईने गोल काढला. खोडले नाही. हे झाडात न लिहिता खाली वेगळे लिही, घरात असे सांगतात म्हणून लिही, एवढेच सांगितले. मला राग आला होता, आणि तो पुष्कळ वर्षे टिकला.

पुढे नोकरीला लागल्यावर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊ लागलो. वि. ल. भावे यांनी 1893 साली उभी केलेली ही संस्था आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण शाळेत असताना मी तिकडे फिरकलो नव्हतो. तिथे मराठी रियासतीचे खंड हातात आले आणि हा माणूस मला नीट भेटला.

सरदेसायांचा जन्म 17 मे 1865 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. शिक्षण रत्नागिरीला, मग पुण्या-मुंबईत. 1888 साली बी. ए. झाले आणि 1889 च्या आरंभी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे वाचक म्हणून नोकरीला लागले. महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची, टिपणे काढायची, राजपुत्रांना शिकवायचे, महाराज परदेशी निघाले की बरोबर जायचे. इतिहासकार होण्याचा त्यांचा काही बेत नव्हता. मुलांना शिकवण्यासाठी काढलेली टिपणे वाढत गेली आणि त्यांतून 1898 मध्ये मुसलमानी रियासत छापली गेली. 1902 मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग आला. इथूनच त्यांना रियासतकार हे नाव चिकटले. जवळचे लोक त्यांना नानासाहेब म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

ज्या धन्याकडे त्यांनी छत्तीस वर्षे काढली, तो स्वतः दत्तक आलेला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. गायकवाड घराण्याच्या त्या शाखेचे मूळपुरुषाशी असलेले नाते तपासून 1875 मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी त्याला मांडीवर घेतले आणि तो सयाजीराव झाला. वंशावळीतल्या एका रेघेने राज्य ठरते, हे नानासाहेबांना पुस्तकात वाचावे लागले नसेल, ते रोज समोर बसलेले होते.

1898 हेच वर्ष राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांच्या पहिल्या खंडाचे. त्यानंतर महाराष्ट्रात जुन्या कागदांचा जणू पूर आला. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवघरांतून रुमाल खाली येऊ लागले. नवी साधने निघतील तसे नानासाहेब आपलेच लिखाण मोडून पुन्हा बांधत राहिले. मराठी रियासत 1932 पर्यंत भागामागून भाग वाढत गेली, आणि पुरी झाल्यावर 1935 च्या सुमारास त्यांनी पूर्वीचे भाग पुन्हा लिहायला घेतले. छापून झालेले आपले पुस्तक सत्तरीत पुन्हा उघडायचे, याला काय लागते ते आपल्यापैकी ज्यांनी एकदा भरलेला फॉर्म दुरुस्त करायला कंटाळा केला आहे त्यांनी समजून घ्यावे.

त्यांनाही एक संपादक होता, म्हणजे मित्र होता. बंगालचे जदुनाथ सरकार. 1904 च्या सुमारास पत्राने ओळख झाली आणि 1958 मध्ये सरकार वारले तोवर ती टिकली. अर्धशतकाहून अधिक. औरंगजेबावर लिहिणाऱ्या त्या माणसाला मराठी कागद हवे होते आणि नानासाहेबांना फारसी साधनांची जाण हवी होती. दोघे बरोबर गडकिल्ले आणि लढायांच्या जागा हिंडले. सरकार शिस्तीचे आणि परखड. मला वाटते, दुसऱ्यांचे लेखन हाताळताना नानासाहेबांनी जो धीर दाखवला तो या मैत्रीत कमावलेला असावा. स्वतःचे लिखाण कोणाच्या तरी हाती देऊन बसल्याखेरीज तो येत नाही.

1925 मध्ये ते सेवेतून मोकळे झाले आणि कामशेतला राहायला गेले. लोणावळा सोडले की पुण्याच्या वाटेवर लागते ते स्टेशन. आपण इंद्रायणीने किंवा डेक्कनने जाताना ते खिडकीतून सरकन निघून जाते. साठीतले ते दिवस सुखाचे नव्हते. त्यांना दोन मुलगे होते, दोघेही तरुण वयात गेले. त्यातला श्यामकांत शिकायला जर्मनीपर्यंत गेला होता. त्याची पत्रे वडिलांनी पुढे पुस्तकरूपाने छापली. मुलाच्या पत्रांचे संपादन करायला बापाला बसावे लागले, हे वाक्य लिहितानाही हात थांबतो.

याच घरातून, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे संपादन हाती घेतले. पुण्याच्या पेशवे दप्तरात सत्तावीस हजारांवर मराठी रुमाल बांधून पडले होते. मुंबई सरकारने त्यांतले निवडक कागद छापायचे ठरवले आणि ते काम नानासाहेबांवर सोपवले. हाताखाली मोडी वाचणारी मंडळी, समोर धूळ आणि डोक्यावर मुदत. पुण्यातल्या कित्येक विद्वानांना ही नेमणूक रुचली नाही, आणि पुढे निवडीवर व तारखांवर टीकाही झाली. काही टीका खरी होती, काम घाईचे होते. पण 1929 नंतरच्या चार-पाच वर्षांत पंचेचाळीस भाग छापून बाहेर आले, आणि आजही पेशवाईवर लिहिणाऱ्याला त्यांना वळसा घालून जाता येत नाही.

या कामात वंशावळ कुठे येते? तर पावलोपावली. जुन्या पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि महिना असतो, वर्ष नसते. म्हणजे जमादिलावलची बारावी तारीख कळते, पण कुठल्या सालची ते कळत नाही. मग पत्रातल्या माणसांवरून वर्ष काढायचे: कोण हयात आहे, कोणाचे लग्न ठरते आहे, कोणाला मुलगा झाला. आणि मायन्यावरून नाते काढायचे. तीर्थरूप म्हणजे वडील, तीर्थस्वरूप म्हणजे वडिलांच्या जागचा मोठा माणूस, चिरंजीव म्हणजे धाकटा. एका अक्षराने बाप आणि चुलता वेगळे होतात. त्यात आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवायची चाल. बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा वसईमुळे सर्वांना माहीत, पण रघुनाथरावांच्या मुलाचेही नाव चिमाजी आप्पाच. सवाई माधवराव गेल्यावर 1796 मध्ये त्यालाच दत्तक घेऊन गादीवर बसवले होते. कागदावर नुसते चिमाजी आप्पा दिसले तर कोणता? झाड हाताशी नसेल तर साठ वर्षांची गल्लत होते.

मला अधिक आवडते ती पुढची गोष्ट. पुणे रेसिडेन्सीचा इंग्रजी पत्रव्यवहार छापायचे ठरले, तेव्हा सरकार आणि सरदेसाई हे दोघे मुख्य संपादक होते, पण खंड त्यांनी वाटून दिले. नागपूरच्या भोसल्यांच्या कारभाराचा खंड वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्या या. मा. काळे यांच्याकडे गेला. निजामाशी असलेल्या संबंधांचा खंड वि. गो. दिघे यांनी केला, ज्यांचे पहिल्या बाजीरावावरचे पुस्तक पुढे 1944 मध्ये आले. वसईच्या तहाचा आणि त्यानंतरच्या युद्धाचा खंड माळव्यातल्या सीतामऊ संस्थानचे राजपुत्र रघुवीर सिंह यांनी संपादित केला. यांतल्या प्रत्येकाचे नाव त्याच्या खंडावर आहे. साठी-सत्तरीतल्या मोठ्या माणसांना सगळे श्रेय स्वतःकडे ठेवणे अवघड नव्हते. ज्याने कागद वाचले त्याचे नाव वर, इतका साधा हिशेब त्यांनी पाळला. आपल्या कंपन्यांत तो किती पाळला जातो ते सर्वांनाच ठाऊक आहे, असो.

1946 ते 1948 या काळात मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत आला. नानासाहेब ऐंशी ओलांडून गेले होते. 1956 मध्ये माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र, 1957 मध्ये पद्मभूषण. आणि त्याच 1957 मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी. ज्याच्या स्वतःच्या झाडाची फांदी पुढे गेली नाही, त्याने महाराष्ट्रातल्या इतरांच्या घराण्यांची झाडे एका पुस्तकात मांडून ठेवली. दोन वर्षांनी, 29 नोव्हेंबर 1959 रोजी ते वारले. त्या पुस्तकातही जुन्या चालीप्रमाणे मुली आणि सुना क्वचित सापडतात. हा त्यातला उणेपणा आहे आणि तो मला आवडत नाही.

आता वहीकडे परत येतो. निवृत्तीनंतर गावच्या जमिनीच्या कामासाठी मला तलाठ्याकडे जुने फेरफार काढावे लागले. इनामाचा पत्ता नव्हताच. पण एक नोंद सापडली. पणजोबा निपुत्रिक वारले, जमीन पणजीच्या नावावर लागली, तिचे नाव तिथे स्वच्छ लिहिलेले आहे. आणि काही वर्षांनी तिचा दत्तक मुलगा म्हणून माझ्या आजोबांचे नाव लागले. चौकशी केली तेव्हा कळले, ते तिच्या बहिणीचे मूल होते, दुसऱ्या गावचे. म्हणजे काकांचा सरदार खरा असला तरी तो रक्ताने आमचा नव्हता. आमचे घर उभे केले ते एका विधवा बाईने, जिचे नाव आमच्या झाडात कुठेच नव्हते.

स्मरणिकेत आपण अकरा जणांच्या घरांच्या वंशावळी छापतो आहोत. माझी देताना घरात वाद झाला. भावाचे म्हणणे, शंभर वर्षांपूर्वीचे झाकलेले उघडून नातवंडांना काय द्यायचे? दत्तक म्हणजे कमीपणा, असे तो म्हणाला नाही, पण मनात तेच होते. मी त्याला गोपाळची, म्हणजे सयाजीरावांची गोष्ट सांगितली. तो हसला, पण मानला नाही. चार दिवस बोलला नाही.

मग मी वही आणि फेरफाराची नक्कल घेऊन सरांकडे गेलो. सर आता नव्वदीला आले आहेत, चष्म्यावर भिंग धरून वाचतात. त्यांनी नक्कल दोनदा वाचली. पन्नास वर्षांपूर्वीचा लाल गोल पाहिला, आणि तो आपणच काढला होता का, असे विचारले. मग त्यांनी आजोबांच्या नावापुढे दत्तक हा शब्द लिहायला लावला, पणजीचे नाव पणजोबांच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरात घ्यायला सांगितले आणि आजोबांच्या जन्मदात्या आईसाठी जागा सोडायला लावली. तिचे नाव अजून मिळालेले नाही. काकांचा सरदारही त्यांनी काढू दिला नाही. तो खाली, वेगळ्या ओळीत, घरात असे सांगतात या शब्दांसह आहे.

छपाईला देण्याच्या आदल्या संध्याकाळी भावाला पान दाखवले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि पणजीच्या नावातली एक वेलांटी चुकली आहे ती दुरुस्त कर म्हणाला. केली आहे. पान 64 वर पाहावे. रिकाम्या जागेतले नाव मंडणगडकडच्या कोणाला ठाऊक असेल तर समितीकडे कळवावे, पुरवणीत घालू.