येनाचे घर आणि गिंकोचा वृक्ष

जर्मन महाकवी गटे यांचा जन्म १७४९ मध्ये फ्रांकफुर्ट येथे झाला. ते वायमारचे मंत्री आणि वनस्पतींचे अभ्यासकही होते. १७९१ मध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ अनुवादातून वाचून ते हरखून गेले. झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी न पिणारी शकुंतला आपल्या ओळखीचीच आहे.

उतारवयात गटे येना शहरी आले की तेथील वनस्पती-उद्यानातील घरात राहत. शेजारी गिंकोचा वृक्ष होता. १८१५ मध्ये त्यांनी गिंकोच्या दुभंगलेल्या पानावर प्रेमकविता लिहिली. १८३२ मध्ये ते निवर्तले.

दोन वर्षांनी करारबद्ध भारतीय मजूर मॉरिशसला येऊ लागले. तो वृक्ष आजही घराशेजारी उभा आहे. नवे घर बांधताना आजोबांनी लावलेल्या आंब्यावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या.