अटी घालून उघडलेलं दार

मैत्रिणींनो, वालाची उसळ करायची तर आपण वाल भिजत घालतो, मोड आणतो, सोलतो आणि मऊ शिजवतो. सासू-आजीकडून आलेली ही रीत. कच्च्या कडधान्यात पचनाला अडथळा आणणारी द्रव्यं असतात, नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. वालातलं असं द्रव्य स्फटिकरूपात वेगळं करण्याचं काम १९५५ च्या सुमारास मुंबईत एका मराठी बाईने सहकाऱ्यांसोबत केलं. त्या म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी!

माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे घरात मुलीच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. आडकाठी आली ती बाहेर.

१९३३ मध्ये मुंबईतून बी.एस्सी. होऊन कमलाताईंनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथे संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता! कमलाताई गांधीजींच्या विचारांतल्या. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या दारात सत्याग्रहाला बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. एक वर्ष तात्पुरता प्रवेश, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि आपल्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्यांना जन्मभर सलला. पण वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं समाधान झालं आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी त्या संस्थेचं दार उघडलं.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या श्वसनात भाग घेणारा 'सायटोक्रोम सी' हा घटक त्यांना सापडला. १९३९ मध्ये अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळाली. मग मायदेशी परतल्या आणि संशोधनाचा विषय निवडला तो गरिबाच्या ताटातला: दूध, डाळी-कडधान्यं, नीरा. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांना नीरेचा फायदा होतो, हे त्यांच्या कामातून दिसलं. त्याबद्दल राष्ट्रपती पुरस्कारही मिळाला. सातपुड्याच्या पाड्यांवरच्या कुपोषणाच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या संचालक झाल्या, तेही हक्काचं पद काही वर्षं लांबल्यावर. १९६६ साली नऊ बायकांनी मिळून ग्राहकांसाठी संस्था काढली, त्यातही त्या होत्या. तिथे भेसळ ओळखायची कशी, हे त्यांनी गृहिणींना शिकवलं. जून १९९८ मध्ये दिल्लीत त्यांच्या सत्कारासाठी ठेवलेल्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यांचं निधन झालं.

आज जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत मुली सर्रास रसायनशास्त्र शिकतात. पण घरोघरी अटी आहेतच ना? संध्याकाळच्या आत घरी ये, लांबचं कॉलेज नको, लग्न ठरलं की शिक्षण बंद... कमलाताईंनी अटी मान्य केल्या, कारण दुसरा रस्ताच नव्हता. आपल्या लेकीला मात्र रस्ता आहे, आणि तो अडवायचा की मोकळा ठेवायचा, हे बऱ्याचदा आपल्याच हातात असतं.