आल्फ्रेड बिने : मोजपट्टीमागचा माणूस

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात आल्फ्रेड बिनेला जेमतेम पानभर जागा मिळते. पहिली बुद्धिमापन कसोटी, साल १९०५, सहकारी सिमाँ. परीक्षेपुरते तेवढे पुरते. मला मात्र त्याच्या आयुष्यातील त्याआधीची वर्षे अधिक मोलाची वाटतात.

बिनेचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी फ्रान्समधील नीस येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे तो आईजवळ वाढला. कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून तो आपला आपणच मानसशास्त्र शिकला. पुढे शार्को या नामवंत डॉक्टरांच्या रुग्णालयात तो संमोहनाचे प्रयोग करू लागला. लोहचुंबकाने संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असे त्याने व फेरे या सहकाऱ्याने छातीठोकपणे छापले. बेल्जियमच्या डेलबफने दाखवून दिले की चुंबकाचा यात काहीच वाटा नाही. काय घडायला हवे याची चर्चा रुग्णांसमोरच चालत असे आणि ते तसे वागत. बिनेला ते जाहीरपणे कबूल करावे लागले. दुसरा एखादा विषयच सोडून गेला असता.

बिने घरी बसला आणि आपल्या मुलींकडे पाहू लागला. थोरली मादलेन साडेचार वर्षांची, धाकटी आलिस अडीच वर्षांची. १८९० साली त्याने या निरीक्षणांवर लेख प्रसिद्ध केले. चालायला शिकताना थोरली पुढचा आधार हेरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. धाकटी कसलाच विचार न करता थेट खोलीच्या मध्यावर झोकांड्या खात जाई. दोघींच्या अवधानाचा स्वभावच निराळा! सोंगट्यांचे दोन ढीग मांडून जास्त कुठे आहेत असे विचारले, तर मूल संख्येऐवजी ढिगाने व्यापलेली जागा पाही. सोंगट्या लहानमोठ्या असल्या की उत्तर चुके. सुरी म्हणजे काय, असे विचारले की तिचा उपयोग सांगितला जाई. चुकीच्या उत्तरालाही एक रीत असते, हे त्याला घरातच उमगले.

१९०४ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे प्रश्न होता, की शाळेत मागे पडणारी मुले खरोखर मंद आहेत की नाहीत हे ठरवायचे कसे. शिक्षकाच्या मर्जीवर ते सोडणे बिनेला धोक्याचे वाटले. सिमाँबरोबर त्याने तीस कसोट्या रचल्या. पहिली अगदी तान्ह्या मुलाची. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का? मग चॉकलेट व लाकडाचा तुकडा यांतून खायचे ओळखणे, कागदात गुंडाळलेला खाऊ सोडवून घेणे. सहावी कसोटी साध्या आज्ञा पाळण्याची व हावभावांची नक्कल करण्याची. सर्वसाधारण दोन वर्षांचे मूल येथवर पोचते. १९०८ च्या आवृत्तीत वयानुसार मांडणी आली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, दोन अंक ऐकून परत म्हणावेत, आडनाव सांगावे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. लहानपणी 'ढ' असा शिक्का बसला की तो पुसायला किती वर्षे लागतात, हे आमच्यासारख्यांना सांगावे लागत नाही. म्हणून १९०९ चे बिनेचे पुस्तक मला त्याच्या कसोटीहून मोठे वाटते. बुद्धी जन्मतः ठरते व वाढत नाही, या मतावर त्याने त्यात कठोर टीका केली. मागासलेल्या मुलांच्या वर्गासाठी त्याने मनाचे व्यायाम सुचवले. त्यांतला एक म्हणजे खूण होताच पुतळ्यासारखे स्तब्ध राहायचे. आपल्याकडची मुले 'स्टॅच्यू' खेळतात तसेच! पहिल्या दिवशी सारा गोंधळ, हशा. हळूहळू मुलांना स्वतःला आवरता येऊ लागे.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, चौपन्नाव्या वर्षी, बिने वारला. त्याच वर्षी त्याने कसोटी दुसऱ्यांदा दुरुस्त केली होती. बुद्ध्यंक त्याचा नव्हे. ती कल्पना पुढच्याच वर्षी जर्मनीच्या स्टर्नने मांडली. अमेरिकेत टर्मनने १९१६ मध्ये कसोटीचे नवे रूप काढले, आणि ज्या आकड्याने मदत कोणाला हवी हे कळायचे होते त्यानेच कोणाला वगळायचे हे ठरू लागले. आपल्याकडे वि. वि. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बसवली. त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले.