प्रॉडक्ट मॅनेजमेंट की प्रॉडक्ट मार्केटिंग? साबणवाल्या नील मॅकेलरॉय यांची गोष्ट

इंजिनिअरिंग, बीबीए किंवा एमबीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं-मुली हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये जायचं की प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये? दोन्ही नावं सारखीच वाटतात. जॉबची माहिती वाचायला घेतली तर निम्म्या ओळीही सारख्याच. पण निर्णय पहिल्या नोकरीचा असतो. पुढची तीन-चार वर्षं रोज सकाळी उठून काय करायचं, हे त्यावर ठरतं. त्यामुळे टेन्शन येणं साहजिक आहे.

आज मी याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून द्यायचा प्रयत्न करणार आहे. या माणसाने कधी ॲप बनवलं नाही. स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधी, १९७२ मध्येच ते वारले. पण ही दोन्ही कामं ज्या एका कागदातून सुरू झाली असं मानलं जातं, तो कागद त्यांनी लिहिला होता. आणि ज्या इंटरनेटवर तुम्ही हे वाचताय, त्याच्या मुळाशीही त्यांचा एक निर्णय आहे. त्यांचं नाव नील मॅकेलरॉय.

साबणाच्या कंपनीत पहिली नोकरी

मॅकेलरॉय यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०४ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बेरिया गावी. आई-वडील दोघेही शिक्षक. बालपण सिनसिनाटी शहराच्या परिसरात गेलं. हार्वर्डमधून अर्थशास्त्राची पदवी घेऊन १९२५ मध्ये ते सिनसिनाटीला परतले आणि तिथल्याच प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या जाहिरात विभागात लागले. ही कंपनी तुम्हाला नवीन नाही. घरातलं टाइड, एरियल किंवा व्हिक्स तिचंच.

त्या काळात कंपनीचा हुकमी एक्का होता आयव्हरी साबण. तो १८७९ पासून बाजारात होता आणि घरोघरी पोचला होता. १९२६ मध्ये कंपनीने कॅमे नावाचा दुसरा साबण आणला. या कॅमेच्या जाहिरातीचं काम पुढे मॅकेलरॉय यांच्याकडे आलं.

आता अडचण बघा. कॅमेला बाहेरच्या कंपन्यांच्या साबणांशी तर लढायचं होतंच, पण खरा त्रास घरातूनच होता. मोठा भाऊ आयव्हरी. पैसा, माणसं, साहेबांचं लक्ष, सगळं आधी तिकडे जायचं. कॅमे एखाद्या भागात का खपत नाही, हे शोधायला स्वतंत्र माणूसच नव्हता. विक्रीवाले जाहिरातवाल्यांकडे बोट दाखवणार आणि जाहिरातवाले विक्रीवाल्यांकडे. साबण सगळ्यांचा होता, म्हणून तो कुणाचाच नव्हता.

तीन पानांचा मेमो

१३ मे १९३१ रोजी मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना एक मेमो लिहिला. वय अवघं सव्वीस. महामंदीचे दिवस होते आणि मेमोत मागणी होती जास्त माणसांची! शिवाय कंपनीचे अध्यक्ष रिचर्ड ड्यूप्री एका पानापेक्षा मोठा मेमो खपवून घेत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. मॅकेलरॉय यांनी तीन पानं लिहिली. तरीही तो मंजूर झाला.

मेमोतली कल्पना सोपी होती. प्रत्येक ब्रँडला एक माणूस द्यायचा आणि त्याला नाव द्यायचं ब्रँड मॅन. त्याच्या हाताखाली एक मदतनीस आणि बाजारात फिरून पाहणी करणारी माणसं. ब्रँड मॅनने काय करायचं? कुठल्या भागात किती माल जातोय ते आकड्यांत बघायचं. जिथे चांगलं चाललंय तिथे नेमकं काय जुळून आलं ते शोधायचं आणि दुसरीकडे लावून बघायचं. जिथे माल अडलाय तिथे स्वतः जायचं, दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं, दुखणं शोधायचं, त्यावर उपाय आखायचा आणि त्याचा खर्च मांडायचा. वेष्टणात बदल सुचवायचे. जाहिरातीच्या आखणीची पूर्ण जबाबदारी घ्यायची. आणि पुढे काय झालं हेही तपासायचं.

आजचा कुठलाही प्रॉडक्ट मॅनेजर ही यादी वाचून म्हणेल की हे तर माझंच काम. प्रॉडक्ट मार्केटिंगवालाही तेच म्हणेल. दोघंही बरोबर आहेत.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. साबणात काय घालायचं, हे ठरवायचं काम त्या यादीत नव्हतं. ते प्रयोगशाळेचं. ब्रँड मॅन फार तर वेष्टणापर्यंत जाऊ शकत होता. म्हणजे आज ज्याला आपण प्रॉडक्ट मार्केटिंग म्हणतो, ते या मूळ कामाच्या जास्त जवळचं आहे. प्रॉडक्ट मॅनेजमेंट ही त्याची पुढे वेगळी वाढलेली फांदी आहे.

एकाची दोन कामं कशी झाली?

साबणाचा फॉर्म्युला दर आठवड्याला बदलत नाही, पण ॲप बदलतं. सॉफ्टवेअर आल्यावर काय बनवायचं हा प्रश्न रोजचा झाला आणि त्यासाठी वेगळा माणूस लागला. साबणाच्या कंपनीतली ही पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीची होतीच. १९८३ मध्ये इंट्युइट सुरू करणारे स्कॉट कुक आधी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये ब्रँडचं काम करत होते. मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनीही तरुणपणी तिथेच असिस्टंट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम केलं होतं.

आज वाटणी साधारण अशी आहे. प्रॉडक्ट मॅनेजर ठरवतो काय बनवायचं, का बनवायचं आणि आधी काय बनवायचं. त्याचा दिवस इंजिनिअर आणि डिझायनर यांच्यासोबत जातो. प्रॉडक्ट मार्केटिंगवाला ठरवतो हे नेमकं कुणासाठी आहे, त्यांना कुठल्या शब्दांत सांगायचं, बाजारात कधी आणि कसं उतरवायचं. त्याचा दिवस ग्राहक, सेल्स आणि जाहिरातीच्या टीमसोबत जातो. किंमत ठरवताना बहुतेक वेळा दोघंही असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा एका पेमेंट ॲपने मराठीत बोलून पैसे पाठवायची सोय आणली. पुण्यात लोक वापरतायत, सोलापुरात नाही. आकडा दोघांसमोर एकच आहे. प्रॉडक्ट मॅनेजर विचारेल, सोलापुरी बोली ॲपला कळत नाहीये का? बाजारातल्या गोंगाटात आवाज पकडला जातोय का? स्वस्त फोनवर हे हळू चालतंय का? प्रॉडक्ट मार्केटिंगवाला विचारेल, अशी सोय आहे हे तिथल्या दुकानदाराला माहीत तरी आहे का? मोठ्याने रक्कम बोलायला लोक कचरतात का? आपण हे विद्यार्थ्यांना सांगत बसलोय आणि गरज भाजीवाल्या मावशींना आहे, असं तर नाही?

मॅकेलरॉय यांच्या ब्रँड मॅनने हे दोन्ही प्रकारचे प्रश्न घेऊन सोलापूर गाठलं असतं. आज दोघं जातात.

साबणावरून थेट स्पुटनिककडे

मॅकेलरॉय पुढे भराभर वर चढले. १९३३ पासून कंपनीने रेडिओवर ऑक्सिडॉल पावडरीसाठी मा पर्किन्स ही मालिका प्रायोजित केली. अशाच मालिकांमुळे सोप ऑपेरा हा शब्द रूढ झाला. १९४६ मध्ये टाइड आलं. म्हणजे कंपनीने स्वतःच्याच धुण्याच्या साबणांना घरातच स्पर्धक उभा केला. १९४८ मध्ये मॅकेलरॉय कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून निवडलं. ४ ऑक्टोबरला मॅकेलरॉय हंट्सव्हिलला लष्कराचं क्षेपणास्त्र केंद्र बघायला गेले होते. त्याच संध्याकाळी बातमी आली, सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला! पाचच दिवसांनी त्यांनी मंत्रिपद स्वीकारलं.

आता समोर काय होतं? भूदल, नौदल आणि हवाई दल, तिघांचेही आपापले रॉकेटचे कार्यक्रम आणि आपसात चढाओढ. मला इथे कॅमेची गोष्ट पुन्हा दिसते. मोठ्या भावांच्या भांडणात नवीन काम कुणाचंच राहत नाही. मॅकेलरॉय यांनी तिन्ही दलांचा विरोध असताना फेब्रुवारी १९५८ मध्ये एक वेगळी, छोटी संस्था उभी केली, ती म्हणजे आर्पा. काही महिन्यांत अवकाशाचं बरंच काम नासाकडे गेलं, पण आर्पा टिकली. तिच्याच पैशातून आर्पानेट हे संगणकांचं जाळं उभं राहिलं, ज्यातून पुढे इंटरनेट आलं. त्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री गेला. दुसऱ्या दिवशी मॅकेलरॉय पासष्ट वर्षांचे झाले. तोवर ते कधीच मंत्रिपद सोडून साबणाच्या कंपनीत परतले होते. ३० नोव्हेंबर १९७२ ला त्यांचं निधन झालं.

मग तुम्ही काय निवडाल?

माझ्यासमोर हे दोन्ही पर्याय होते तेव्हा सगळे पगार आणि पदाच्या नावावर सल्ला देत होते. मॅनेजर शब्द ऐकायला भारी वाटतो, हे घरच्यांचं मत. मी मात्र मॅकेलरॉय यांची यादी समोर ठेवली आणि प्रत्येक कामापुढे लिहिलं की हे कंटाळा आलेल्या सोमवारीही मी करेन का. दुकानदारांशी बोलायला जाणं, अवघड गोष्ट सोप्या शब्दांत सांगणं, इथे मला थांबावंच लागलं नाही. वीस मागण्यांमधून अठरा नाकारून इंजिनिअरांसमोर दोनच ठेवणं मला जमलं असतं, पण आवडलं नसतं. मी प्रॉडक्ट मार्केटिंग घेतलं. माझ्या एका मैत्रिणीची यादी नेमकी उलटी आली. ती प्रॉडक्ट मॅनेजर आहे आणि खूश आहे.

तुम्हीही हे करून बघा. रोज वापरता ते एखादं ॲप घ्या, ज्यातली एखादी सोय तुमच्या घरी कुणी वापरत नाही. आईला, काकांना विचारा, का नाही वापरत? उत्तर ऐकल्यावर तुमचा हात आधी कुठे जातो ते बघा. स्क्रीनचं चित्र बदलावंसं वाटलं तर प्रॉडक्ट मॅनेजमेंट. काकांना वेगळ्या तऱ्हेने समजावून सांगावंसं वाटलं तर प्रॉडक्ट मार्केटिंग. अशी चार-पाच ॲप्स झाली की कल आपोआप कळतो.

आणि एक लक्षात ठेवा, बहुतेक कंपन्यांत फ्रेशर प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागा मोजक्याच असतात. ती जागा मिळाली नाही म्हणून रस्ता बंद होत नाही, कारण अनेक जण काही वर्षांनी एकीकडून दुसरीकडे जातात. पण कुठेही गेलात तरी मेमोतला एक भाग दोन्हीकडे सारखाच राहतो. वस्तू चालत नसेल तर दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय नाही. ती तुमची आहे. हे वाचून अंगावर काटा आला तर थोडं थांबून विचार करा. हुरूप आला, तर दोन्हीपैकी कुठलंही दार ठोठवा.