नाथांच्या घरचा धर्म

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणचा गोदाकाठ दिंड्यापताकांनी भरून जातो. एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला तो हा दिवस. नाथषष्ठीला आलेला वारकरी समाधीवर माथा टेकतो, नाथांच्या वाड्यातील रांजणाचे दर्शन घेतो आणि श्रीखंड्या होऊन भगवंताने बारा वर्षे येथे पाणी भरले, या कथेने कृतार्थ होतो. ज्या घरी देवाला पाणी भरावेसे वाटले त्या घरात रोजचा व्यवहार कसा चाले, हा प्रश्न मात्र या गर्दीत सहसा मागे पडतो.

भानुदासांच्या विख्यात कुळात जन्मलेल्या एकनाथांचे आईवडील त्यांच्या बालपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी त्यांना वाढविले. लहान वयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. हे गुरू अरण्यात राहणारे तपस्वी नव्हते; निजामशाहीत किल्ल्याचा कारभार सांभाळून ते ईश्वरभक्ती करीत. शिष्यालाही त्यांनी प्रथम हिशेबाच्या चोपड्यांपुढे बसविले. एका पैचा मेळ लागेना म्हणून एकनाथांनी अख्खी रात्र दिव्यापाशी जागून काढली आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. हीच एकाग्रता परमार्थात लावावी, असे गुरूंनी त्यांना सुचविले म्हणतात. प्रपंचातील चोख काम आणि परमार्थ यांत भिंत नाही, हा धडा त्यांना येथे मिळाला.

म्हणूनच पैठणला परतल्यावर त्यांनी संन्यास घेतला नाही. गिरिजाबाईंशी विवाह करून ते गृहस्थ म्हणून जगले. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी लेखनासाठी मराठी पत्करली. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींतील अपपाठ काढून शुद्ध पाठ सिद्ध केला. भारुडांत त्यांनी गोंधळी, वासुदेव, जोशी, महार अशा नाना लोकांच्या तोंडी वेदान्त घातला. पंडितांच्या सभेतील ज्ञान त्यांनी असे चव्हाट्यावर आणले.

पण नाथांची खरी कसोटी ग्रंथात नव्हे, तर घरात आणि घाटाच्या वाटेवर लागली. पैठण हे शास्त्रनिर्णयाचे पीठ. येथील ब्रह्मवृंदाच्या शब्दावर कुळाची शुद्धाशुद्धता ठरे. अशा गावात श्राद्धाच्या स्वयंपाकाचा सुवास येऊन भुकेले अंत्यज दारापाशी थबकले, तेव्हा नाथांनी ब्राह्मणांसाठी रांधलेले अन्न त्यांना वाढले, असे चरित्रकार सांगतात. गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटवून दुसरा स्वयंपाक केला, तरी ब्राह्मण जेवायला आले नाहीत. भर दुपारी वाळवंटात पाय भाजून रडणारे महाराचे पोर नाथांनी कडेवर घेतले. रामेश्वराला वाहायचे गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. या कथांना इतिहासाचा भक्कम पुरावा मागता येणार नाही. महीपतींनी त्या लिहिल्या त्या अठराव्या शतकात. तरीही समाजाने नाथांची कोणती प्रतिमा जपली, हे त्या निःसंशय सांगतात. त्यांतील प्रत्येक प्रसंग रोजच्या वाटेवरचा आहे, आणि प्रत्येक वेळी नाथांना पदरचे काही सोडावे लागले आहे: कधी यात्रेचे पुण्य, कधी पितृकार्य, कधी जातीतले स्थान.

सर्वांत अवघड प्रसंग मात्र पोटच्या मुलाचा. विद्वान हरिपंडितांना वडिलांचे प्राकृत निरूपण आणि परान्न घेणे रुचेना. ते रुसून काशीला गेले. मुलाला परत आणण्यासाठी नाथांनी दोन्ही सोडण्याची अट मान्य केली, असे परंपरा सांगते. पुत्रप्रेमापायी आपल्या जीवितकार्याला त्यांनी क्षणभर मुरड घातली. पुढे एका वृद्धेच्या घरच्या भोजनप्रसंगी हरिपंडितांचा अभिमान गळाला आणि नाथांची वाणी पुन्हा मराठीत सुरू झाली. मुलाशी भांडून जिंकण्यापेक्षा त्याची समजूत पटेपर्यंत थांबणे त्यांनी पसंत केले. घरच्यांच्या विरोधाला असे तोंड देणे हे शत्रूला क्षमा करण्यापेक्षा कठीण असते.

नाथांच्या कार्याची मर्यादाही झाकून ठेवता येत नाही. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा' चित्रपटाने अस्पृश्यांना जवळ करणारे नाथ घरोघर पोचविले. त्यानंतर महात्मा गांधींना उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी या गौरवावर नेमके बोट ठेवले. नाथांचा विरोध जातिभेदाला नव्हता. स्पर्शाचा विटाळ गंगास्नानाने धुतला जातो, एवढीच त्यांची श्रद्धा होती, असा त्यांचा आक्षेप होता. एका सत्पुरुषाच्या करुणेने व्यवस्था बदलत नाही, हे आक्षेपातील सत्य मान्य करावेच लागेल. मात्र त्या अपयशाचा मोठा वाटा नाथांच्या पदरी घालण्याऐवजी त्यांच्या भक्तांच्या पदरी घालणे न्याय्य ठरेल. नाथांनी केले ते त्यांनी पुजले; स्वतःच्या उंबरठ्यावर केले नाही.

श्रद्धा आणि नित्याचे आचरण यांची सांगड हा कोणत्याही एका धर्माचा प्रश्न नाही. महीपतींचे नाथचरित्र १९२७ साली इंग्रजीत आणले ते जस्टिन अ‍ॅबट या ख्रिस्ती मिशनऱ्याने. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा ज्या धर्मात केंद्रस्थानी आहे, त्या धर्माच्या अनुयायाला पैठणच्या गृहस्थाची भाषा परकी वाटण्याचे कारण नव्हते. ख्रिस्ती असो, मुसलमान असो वा वारकरी, त्याच्या श्रद्धेची पारख प्रार्थनेच्या घटकेपेक्षा उरलेल्या दिवसात अधिक होते. हिशेबातील पै, दारातील भुकेला, ऐन कामाच्या वेळी आडवा आलेला दुःखी जीव, न पटणारा मुलगा, हे तिचे परीक्षक असतात आणि ते पूर्वसूचना देऊन येत नाहीत.

नाथषष्ठीची दिंडी दरवर्षी आपापल्या गावी परतते. पुढच्या श्राद्धाला पहिले पान कोणासाठी मांडले जाते, यावर त्या वारीचे फळ ठरावे.