‘ध’चा ‘मा’ : न चाललेल्या खटल्याचा निकाल

कागदातील फेरफाराला मराठी माणूस ‘ध’चा ‘मा’ म्हणतो. आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरच्या शाळेतला विद्यार्थी असो की पुण्याच्या कचेरीतला कारकून, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही आणि त्यामागचे नावही सांगावे लागत नाही. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी आज्ञापत्रातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ केले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा घात झाला, ही कथा इतिहासाचे पुस्तक हाती येण्यापूर्वीच कानावर पडलेली असते. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ साली या प्रकरणाला रंगभूमी मिळवून दिली, तर १९४४ साली ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ने ते रुपेरी पडद्यावर नेले. गजानन जागीरदारांचा निःस्पृह न्यायाधीश आणि ललिता पवारांची आनंदीबाई पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागा उरली नाही. न्यायाचा गौरव करणाऱ्या या चित्रपटाने एका स्त्रीविरुद्धचा लोकनिकाल मात्र कायम केला. तो निकाल कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे तपासून पाहणे हाच रामशास्त्र्यांच्या परंपरेचा खरा आदर होय.

आनंदीबाई कोकणातल्या, गुहागर परिसरातील ओक घराण्यातल्या. राघोबादादांची पहिली पत्नी निवर्तल्यावर १७५६ साली त्या पेशव्यांच्या घरात आल्या. त्यानंतर दोनच वर्षांत दादांचे सैन्य अटकेपर्यंत पोहोचले. परंतु १७६१ च्या पानिपतानंतर नानासाहेब पेशवे गेले, गादी तरुण पुतण्याकडे, माधवरावांकडे आली आणि काका-पुतण्यांचे वैर सुरू झाले. १७६८ साली धोडपच्या लढाईत हार झाल्यावर दादांना शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावे लागले. पराक्रमी पण अस्थिर चित्ताच्या पतीची महत्त्वाकांक्षा आणि भोवती पहारा, अशा स्थितीत आनंदीबाईंनी संसार केला. त्या लिहित्या-वाचत्या होत्या, राजकारण जाणत होत्या, आणि पतीला गादी मिळावी असे त्यांना वाटत नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. पण इच्छा असणे वेगळे आणि खून करविणे वेगळे.

नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव वारले. नारायणराव पेशवे झाले, तरी घरातील तेढ मिटली नाही आणि दादांवर पुन्हा पहारा बसला. थकलेल्या पगारामुळे वाड्यातील गारदी खवळलेले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार वाड्यात घुसले आणि काकांच्या आश्रयाला धावलेल्या नारायणरावांना त्यांनी काकांच्या देखत कापून काढले. दादांचा सेवक तुळाजी पवार या कृत्यात सामील होता. त्यानंतर गादीवर बसले ते राघोबादादाच.

रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष राघोबादादांवर ठेवला. देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगून त्यांनी पुणे सोडले. ज्या निर्णयासाठी महाराष्ट्र त्यांना आजही वंदन करतो, तो पतीविरुद्धचा होता, पत्नीविरुद्धचा नव्हे. मग पत्नीचे नाव पुढे कसे आले? ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली, म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी प्रसिद्ध केला. फेरफार केलेला मूळ कागद रामशास्त्र्यांच्या हाती आल्याचे त्याने लिहिले. पण तो फेरफार आनंदीबाईंचा, हे सांगताना त्याने आधार दिला तो केवळ सार्वत्रिक समजुतीचा. तो कागद आज अभ्यासकांपुढे नाही. कागदपत्रे हाताळणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असते की खाडाखोडीचा आरोप सिद्ध करायला मूळ लेख लागतो, हस्ताक्षराची ओळख लागते आणि लिहिताना पाहणारा लागतो. येथे यांपैकी एकही गोष्ट नाही.

आनंदीबाई निर्दोष होत्या असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की दोष शाबीत झालेला नाही. तथापि या समजुतीची एक सोय होती. ‘धरावे’ एवढीच पतीची आज्ञा मानली की अटकेपर्यंत गेलेला वीर केवळ दुबळा ठरतो आणि रक्ताचा डाग त्याच्या अर्धांगीच्या पदराला लागतो. असे परदेशांतही घडले आहे. हंगेरीतील उमराव स्त्री एलिझाबेथ बाथोरी हिच्या नोकरांना १६११ साली देहदंड झाला. ती स्वतः मात्र उघड न्यायालयापुढे कधीच उभी राहिली नाही आणि १६१४ साली कोंडलेल्या अवस्थेत मरण पावली. कुमारिकांच्या रक्ताने ती स्नान करी, ही कथा छापली गेली ती तिच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने, १७२९ साली. याकुबिस्कोच्या २००८ सालच्या चित्रपटाने तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले. आनंदीबाईंना असा दिग्दर्शक लाभणे अजून बाकी आहे.

शिक्षा मात्र आनंदीबाईंनी भोगलीच. बारभाईंनी नारायणरावांच्या बाळाचा पक्ष घेतल्यावर दादांना पुणे दुरावले. गरोदर आनंदीबाई मागे धारच्या किल्ल्यात राहिल्या, आणि तेथेच जानेवारी १७७५ मध्ये बाजीरावांचा जन्म झाला. त्याच सुमारास दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने दादांना नेमणूक मिळाली, पण गादीची आशा संपली. १७८३ अखेर ते कोपरगावी वारले. त्यांच्या पश्चात धाकटा चिमाजी जन्मला. कारभाऱ्यांच्या पहाऱ्यात आनंदीबाईंनी मुले वाढविली आणि १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्ली येथे डोळे मिटले. त्यांच्यावर खटला चालला नाही, म्हणून सुटकाही झाली नाही.

निरगुडसरहून वायव्येस जुन्नरकडे गेले की शिवनेरी दिसतो. शिवरायांच्या जन्माने पावन झालेल्या या किल्ल्यावर, आईच्या मृत्यूनंतर, आनंदीबाईंच्या मुलांना कैदेत ठेवले होते. १७९६ साली त्यांतलाच बाजीराव पेशवा झाला आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. जन्मल्यापासून संशय आणि पहारा यांतच वाढलेल्या मुलाकडून राज्याने निष्ठेची आणि धैर्याची अपेक्षा करावी, ही अपेक्षाच फार होती. शाळेच्या सहलीबरोबर गडावर जाणाऱ्या शिक्षकाने शिवजन्मस्थान दाखवून झाल्यावर हीही हकीकत मुलांना सांगावी. ‘ध’चा ‘मा’ म्हणजे काय, ते मुलांना आधीच ठाऊक असते. तो कोणी केला हे सिद्ध झाले आहे काय, एवढा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, तरी रामशास्त्र्यांचा धडा अधिक नीट शिकवला जाईल.