६०६

थर्ड इयरला मास ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आमचं एक रीडिंग काही केल्या कर्व्हवर बसेना. पार्टनरने खोडरबर काढलं, मी वही पुढे सरकवली, आणि दोन मिनिटांत तो पॉइंट शहाण्या मुलासारखा रेषेवर येऊन बसला. जर्नलवर सहीसुद्धा झाली. अभिमानाने सांगत नाहीये. पण त्याच आठवड्यात लायब्ररीत पॉल एहर्लिक यांचं चरित्र हाती लागलं आणि ते रीडिंग जे डोक्यात बसलं ते बसलंच.

एहर्लिक यांचा जन्म १८५४ चा, सायलेशियातल्या स्ट्रेहलेन गावचा. ते गाव आता पोलंडमध्ये आहे. शिकले डॉक्टरकी, पण जीव सगळा रंगांवर. जर्मनीत तेव्हा कृत्रिम रंगांचे कारखाने जोरात होते. एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही, हे ते मायक्रोस्कोपखाली तासन्‌तास बघत बसायचे. १८७८ चा प्रबंधही त्यावरच. मग त्यांना वाटलं, रंग जर निवडून चिकटतो, तर फक्त जंतूलाच चिकटणारं विष का मिळू नये? या कल्पनेला पुढे जादूची गोळी म्हणू लागले. आपल्याकडे बंदुकीची आणि औषधाची, दोन्ही गोळ्याच, त्यामुळे मराठीत ते फारच फिट्ट बसतं! १८९१ मध्ये त्यांनी मिथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या दोन रोग्यांना देऊन पाहिला, आणि गुण आला.

माणूस वल्लीच. दिवसाला पंचवीसेक सिगार, खोलीभर पुस्तकांचे ढीग, आणि रोज प्रत्येक सहाय्यकाला रंगीत चिठ्ठीवर त्या दिवसाचं काम लिहून द्यायचे. आमच्या सरांना ही आयडिया कुणी सांगू नका.

१९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामाला नोबेल मिळालं. दुसरा कुणी सत्कार घेत फिरला असता. हे फ्रँकफर्टला आर्सेनिकच्या मागे लागले होते. ॲटॉक्सिल नावाचं आर्सेनिकचं औषध निद्रारोगाच्या जंतूंना मारायचं, पण रोग्याचे डोळेही घालवायचं. १९०७ मध्ये एहर्लिक आणि बर्थाइम या त्यांच्या केमिस्टने दाखवलं की ॲटॉक्सिलची सर्वमान्य रचना चुकीची आहे. खऱ्या रचनेत एक अमिनो गट मोकळा होता, म्हणजे तिथे हवे ते बदल करता येणार होते. मग एकेक बदल, एकेक नंबर, आणि प्रत्येक नंबर प्राण्यांवर तपासायचा. आज औषध कंपन्यांत जे स्क्रीनिंग यंत्रं करतात, ते इथे हाताने चाललं होतं.

यात ६०६ नंबर तयार होऊन तपासलाही गेला होता, आणि निरुपयोगी असा शेरा बसून बाजूला पडला होता. १९०९ मध्ये टोकियोहून साहाचिरो हाता आले. सशांना उपदंशाची (गावाकडे ज्याला गरमी म्हणतात त्याची) लागण करायचं तंत्र त्यांना येत होतं. एहर्लिक यांनी त्यांना मागची सगळी संयुगं पुन्हा तपासायला लावली. नापास झालेलीसुद्धा! ३१ ऑगस्टला व्रण असलेल्या सशाला ६०६ टोचलं. दुसऱ्या दिवशी व्रणात एकही जिवंत जंतू सापडेना.

तोवर या रोगावर मुख्य इलाज होता पारा, आणि त्याने रोगी अर्धमेला व्हायचा. १९१० च्या एप्रिलमध्ये वीसबाडेनला घोषणा झाली आणि मागणीचा पूर आला. पण एहर्लिक यांनी लगेच विक्री होऊ दिली नाही. आधी सुमारे ६५,००० डोस डॉक्टरांना फुकट वाटले आणि प्रत्येक रोग्याची नोंद परत मागितली. मग हेक्स्ट कंपनीने सॅल्व्हरसान नावाने ते बाजारात आणलं. पिवळी पूड, हवा लागली की बिघडणारी, म्हणून बंद काचेच्या नळीत. विरघळवण्यात चूक झाली की रोग्याच्या जिवावर बेतायचं. मृत्यू झाले, आरोप झाले, १९१४ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टात त्यांना साक्षही द्यावी लागली. बदनामी करणाऱ्याला शिक्षा झाली, पण तोवर प्रकृती खचली होती. २० ऑगस्ट १९१५ ला ते गेले. वय ६१.

पेनिसिलीन येईपर्यंत सॅल्व्हरसान आणि त्याची भावंडं वापरात राहिली. आणि गंमत पुढेच आहे. रेणूत आर्सेनिकचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेत असं एहर्लिक धरून चालले होते. २००५ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं, तर निघाली तीन आणि पाच आर्सेनिक अणूंची कडी. ज्यांनी ॲटॉक्सिलची रचना दुरुस्त केली, त्यांची स्वतःची चुकलेली. सशाचं रीडिंग मात्र त्यांनी जसं आलं तसंच लिहिलं होतं.

आमचा तो पॉइंट अजून रेषेवरच आहे. जर्नल डिपार्टमेंटच्या कपाटात, वरून तिसरा कप्पा.